वाळूवरची वहिवाट

समजा, तुम्ही समुद्रकिनारी चटई टाकून निवांत बसलात आणि कुणी येऊन म्हणालं, "उठा, ही वाळू आमची आहे," तर? अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ओरेगन राज्यात १९६६ साली असंच काहीसं झालं. तीच आजची गोष्ट.

आधी जरा मागे जाऊया. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे किनाऱ्यालगत धड रस्ता नव्हता. कित्येक ठिकाणी डोंगर थेट समुद्रात उतरलेले. त्यामुळे ओहोटी लागली की ओली, घट्ट वाळू हाच लोकांचा रस्ता. घोडागाड्या जायच्या त्या तिच्यावरूनच. पण याच ओल्या वाळूचे तुकडे सरकार खासगी लोकांना विकत होतं.

१९११ मध्ये ऑस्वल्ड वेस्ट गव्हर्नर झाले आणि त्यांनी एक भन्नाट शक्कल लढवली. किनाऱ्यालाच "सार्वजनिक महामार्ग" म्हणून टाकायचं! लोक वापरतात तो रस्ता विकणार कोण? १९१३ मध्ये तसा कायदा झाला. कोलंबिया नदीच्या मुखापासून कॅलिफोर्नियाच्या हद्दीपर्यंतचा हा किनारा, सुमारे ५८० किलोमीटरचा.

गोम एकच होती. कायदा होता भरती आणि ओहोटीच्या मधल्या ओल्या वाळूपुरता. आपण बसतो, शेकोटी पेटवतो, पोरं किल्ले करतात ती कोरडी वाळू. ती बऱ्याच ठिकाणी कागदोपत्री खासगी मालकीची. पन्नासेक वर्षं कुणी कुणाला हटकलं नाही, म्हणून ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

१९६६ च्या उन्हाळ्यात कॅनन बीच या गावात एका मोटेलवाल्याने समोरच्या कोरड्या वाळूवर ओंडके टाकून कुंपण घातलं. आत फक्त त्याची गिऱ्हाइकं. तक्रार सरकारकडे गेली, तर अधिकाऱ्यांच्या लक्षात आलं की कायद्यात कोरड्या वाळूचं नावच नाही!

मग १९६७ मध्ये नवं विधेयक आलं आणि समितीत अडकून पडलं. जमीनमालकांचं म्हणणं, हा आमच्या मालमत्तेवर घाला आहे. तेव्हाचे गव्हर्नर टॉम मॅकॉल हे मूळचे पत्रकार. बातमी कशी होते, हे त्यांना पक्कं ठाऊक! १३ मे रोजी ते सर्व्हेअर आणि शास्त्रज्ञांना घेऊन हेलिकॉप्टरने थेट किनाऱ्यावर उतरले. लोकांची हद्द कुठवर, हे वाळूवरच आखून दाखवलं. ६ जुलै १९६७ रोजी त्यांनी कायद्यावर सही केली.

प्रकरण कोर्टात गेलं. १९६९ मध्ये ओरेगनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो लोकांच्या बाजूने. आधार कशाचा? प्रथेचा. मराठीत याला नेमका शब्द आहे: वहिवाट. गावाकडे बांधावरच्या रस्त्यावरून भांडणं होतात ना, तीच. कोर्टाने म्हटलं, गोरे वसाहतवाले यायच्या आधीपासून, मूळ रहिवाशांच्या काळापासून लोक ही वाळू वापरत आलेत. कागदावरची मालकी मालकाकडेच राहिली. पण तिथे कुंपण घालून लोकांना अडवायचा हक्क मात्र गेला.

म्हणजे बघा, वेस्टच्या कायद्यात कोरडी वाळू नव्हती, मालकाच्या कागदात होती. तरीही ती लोकांची राहिली, कारण लोक तिथे जात होते, बसत होते, शेकोट्या पेटवत होते. सहलीला जाणं हा निव्वळ टाइमपास वाटतो खरा. पण त्या साध्यासुध्या सहलींनीच कोर्टात साक्ष दिली.

तुमच्या गावात अशी एखादी जागा आहे का, सगळे वापरतात पण कागद कुणीच पाहिलेला नाही? कमेंटमध्ये जरूर सांगा. भेटूया पुढच्या भागात!