लगाम धरणाऱ्याचं नाव

आमच्या एरंडोलमध्ये घोड्यावर बसायचा मान आयुष्यात एकदाच मिळतो, लग्नात. तोही जेमतेम अर्ध्या तासाचा. बँडच्या आवाजाने घोडी बिथरू नये म्हणून घोडीवाला तिचं तोंड धरून पुढे चालत असतो, आणि सेहऱ्याच्या लडींमधून नवरदेवाला काहीच दिसत नसल्यामुळे तो अल्लाच्या भरवशावर बसलेला असतो. खरं तर अल्लाच्या आणि घोडीवाल्याच्या. माझ्या वरातीचे फोटो अजून कपाटात आहेत. घोडी पांढरी होती, तिच्या कपाळावर आरशांची झूल होती, हे सगळं दिसतं. घोडीवाला कसा होता, ते मला आठवत नाही.

दुसऱ्यांदा घोड्यावर बसलो तो २०१७ च्या मे महिन्यात, पहलगामला. जळगाव जिल्ह्यातला मे ज्याने काढला आहे त्याला आम्ही काश्मीरला का गेलो हे सांगायची गरज नाही. बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि मी. पहलगामपासून पाच-सहा किलोमीटर वर बैसरन नावाचं पठार आहे. तिथे गाडी जात नाही. पायी जा, नाहीतर घोड्यावर. घोडेवाले त्याला मिनी स्वित्झर्लंड म्हणतात आणि आपणही घरी येऊन तेच सांगतो. (स्वित्झर्लंडमध्ये कुणी आपल्या गावाला मिनी काश्मीर म्हणत असेल असं वाटत नाही.)

भाव ठरला, तीन घोडी आली. माझ्या घोड्याचं नाव बादल. मुलीच्या घोड्याचं नाव राजू, आणि ती तेवढ्यावरूनच खूश. तिघांबरोबर दोन माणसं. वाट कसली, देवदारांच्या मुळ्यांमधून आणि गोट्यांमधून वर गेलेला चिखलाचा ओहोळ. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला खाली खोल दरी. वर चढताना मी मागे कलंडत होतो. बादलचा लगाम धरून चालणारा माणूस मागे न पाहता म्हणाला, "चढाई पर आगे झुकिए जनाब, उतराई पर पीछे. बाक़ी घोड़ा जानता है." एका ठिकाणी ओल्या दगडावरून बादलचा मागचा पाय सरकला. त्या माणसाने खांदा घोड्याच्या पोटाला लावला आणि पाय रोवून उभा राहिला. घोडा, मी आणि माझी भीती, असं सगळं वजन क्षणभर त्याच्या खांद्यावर होतं. मग तो काही न बोलता पुढे चालायला लागला. मी रिकिबीत पाय घट्ट रोवून दरीकडे बघायचं टाळत राहिलो.

खाली आल्यावर मी पैसे दिले, वर थोडी बक्षिसी दिली, "शुक्रिया भाईजान" म्हटलं आणि मुलीचा राजूबरोबर आणखी एक फोटो काढला.

२२ एप्रिल २०२५ रोजी त्याच पठारावर अतिरेक्यांनी २६ माणसं मारली. त्यांत सहाजण आपल्या महाराष्ट्रातले होते, डोंबिवलीचे, पुण्याचे, पनवेलचे. पुरुषांना धर्म विचारून, त्यांच्या बायका-मुलांसमोर गोळ्या घातल्या. हे वाक्य लिहिताना माझ्यासारख्या माणसाच्या मनात काय होतं ते मी सांगत बसत नाही. ते झाकून पुढेही जात नाही. त्या २६ जणांत एक स्थानिक होता, सय्यद आदिल हुसेन शाह, पहलगामजवळच्या हापतनार गावचा घोडेवाला. पर्यटकांना वाचवायला जाताना तो मारला गेला. त्याने एका हल्लेखोराची बंदूक हिसकावण्याचा प्रयत्न केला, असं त्याच्या घरच्यांनी आणि तिथल्या लोकांनी सांगितलं. त्याच्या जनाजाला तिथले मुख्यमंत्री गेले. महाराष्ट्राच्या उपमुख्यमंत्र्यांनी त्याच्या कुटुंबाला मदत पाठवली. दुसऱ्या घोडेवाल्यांनी आणि शालवाल्यांनी जखमींना पाठीवर घेऊन खाली आणलं. आणि पुढे अतिरेक्यांना थारा दिल्याच्या आरोपाखाली दोन स्थानिकांना अटक झाली, हेही खरं आहे. दोन्ही गोष्टी एकाच दरीतल्या.

त्या रात्री मी जुन्या फोनमधले २०१७ चे फोटो काढले. आमच्याबरोबर होता तो हाच का, एवढंच बघायचं होतं. चौतीस फोटो निघाले. मुलगी, राजू, बायको, बादल, बर्फाचा डोंगर. लगाम धरणारा माणूस एकाही फोटोत पूर्ण नव्हता. एका फोटोत त्याचा हात आहे, मनगटापर्यंत, लगाम धरलेला. बाकीचं मी काढताना कापलं होतं, चौकट नीट बसावी म्हणून. घोड्याचं नाव मी विचारलं होतं, माणसाचं विचारलं नव्हतं.

इतिहासावर लिहिणाऱ्याने हे स्वतःबद्दल कबूल केलं की पुढचं लिहायला तोंड राहतं. कारण आमच्या भागाचा इतिहास असाच लिहिला गेला आहे. चौकट नीट बसावी म्हणून कापून.

सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण आमच्या घरापासून दोन-अडीच तासांवर आहे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, खानदेश कंपनी सरकारकडे गेला आणि डोंगरापलीकडचा मुलूख निजामाकडे राहिला. पुढच्याच वर्षी, २८ एप्रिल १८१९ रोजी, मद्रासच्या २८ व्या घोडदळातला जॉन स्मिथ नावाचा अधिकारी शिकारीच्या नादात अजिंठ्याच्या दरीत आला. वाघूर नदीने तिथे कातळात घोड्याच्या नालेसारखं वळण कापलं आहे. समोरच्या कड्यावरून त्याला झाडीत बुडालेली कमान दिसली. ती दहाव्या लेण्याची. आत गेल्यावर त्याने एका खांबावर, दीड हजार वर्षं जुन्या चित्रावर, आपलं नाव आणि तारीख कोरली. म्हणजे 'शोधा'ची पहिली खूण ही चित्र बिघडवूनच झाली. शाळेच्या पुस्तकात आपण वाचतो : अजिंठ्याचा शोध जॉन स्मिथने लावला.

तिथली माणसं वेगळं सांगतात. साहेबाला वाट एका गुराख्याच्या पोराने दाखवली. कुणी धनगराचा पोरगा म्हणतं, कुणी भिल्लाचा. नाव कुणी सांगत नाही, कारण कुणी लिहिलंच नाही. पण ज्या कड्यावरून आज पर्यटक ती दरी बघतात, त्याच्याजवळच्या गावाचं नाव आहे लेणापूर. गावांची नावं कॅप्टन ठेवत नसतात. त्या पोराच्या आज्याला, आज्याच्या आज्याला, लेणी तिथे आहेत हे ठाऊक असणारच. गुरं बांधायला, पावसात आडोशाला, कधी जोगी-गोसाव्यांसाठी ती वापरात असणार. साहेबाला माहीत नव्हतं, म्हणून जगाला माहीत नव्हतं, असा तो हिशेब.

तिकडे काश्मीरमध्येही गुहेची आणि मेंढपाळाचीच गोष्ट आहे. अमरनाथची गुहा १८५० च्या सुमारास बुटा मलिक नावाच्या मुसलमान मेंढपाळाला सापडली, असं परंपरा सांगते. गुहेचा उल्लेख त्याआधीच्या ग्रंथांत आहे, त्यामुळे तिथेही 'शोध' हा शब्द सांभाळून वापरावा. पण त्या मेंढपाळाचं नाव राहिलं, इतकंच नाही तर यात्रेच्या उत्पन्नात त्याच्या वंशजांचा वाटा दीडशे वर्षं राहिला. २००० साली देवस्थान मंडळाचा कायदा झाला आणि तो बंद पडला. ज्यांना वाटेसाठी मलिकांची गरज होती त्या यात्रेकरूंनी नाव जपलं. स्मिथला त्या पोराची गरज एका दुपारपुरती होती.

आता एरंडोलच्या जवळ येऊ. शेजारच्या धरणगावात १८२५ मध्ये जेम्स औट्रम नावाचा बावीस वर्षांचा लेफ्टनंट आला. सातपुडा आणि सातमाळ्याच्या दऱ्यांतले भिल्ल कंपनीच्या हाती लागत नव्हते. फौजा पाठवून झाल्या, फाशी देऊन झालं. मग त्यांनाच नोकरीत घ्यायचं ठरलं आणि औट्रमने धरणगावात भिल्ल पलटण उभी केली. त्याची पद्धत मात्र साधी होती. तो त्यांच्याबरोबर दऱ्याखोऱ्यांत शिकारीला जायचा, त्यांच्यात बसायचा, त्यांच्या भरवशावर झोपायचा. दहा वर्षांत त्याच्या शिकारीत दोनशेच्या आसपास वाघ पडले, असं त्याचं चरित्र अभिमानाने सांगतं. खानदेशात वाघ का उरले नाहीत याचं उत्तर शोधणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. पण वाघ कुठे आहे हे औट्रमला कोण सांगत होतं? माग कोण काढत होतं? झाडीत पहिला कोण शिरत होता? घाटाघाटांची राखण पिढ्यान्‌पिढ्या भिल्ल नाईकांकडे होती. खानदेशात त्यांच्यातलेच तडवी मुसलमान झालेले, सातपुड्याच्या पायथ्याला यावल, रावेर, चोपड्याकडे राहणारे. आमच्यातले काही शहरी शहाणे तडवींना आजही पुरतं मुसलमान धरत नाहीत आणि काही भिल्ल त्यांना पुरतं भिल्ल धरत नाहीत. असो, तो वेगळा लेख आहे.

औट्रम पुढे मोठा झाला, लखनौला गाजला. कोलकात्यात व्हिक्टोरिया मेमोरियलच्या आवारात त्याचा ब्राँझचा पुतळा आहे. घोडा उधळलेला, साहेब खोगिरात वळून मागे बघतो आहे. पुतळा खरंच अप्रतिम आहे. मी तो बघितला तेव्हा मनात आलं, हा मागे वळून कुणाला शोधतोय? धरणगावचे लोक तर पुतळ्यात नाहीत.

खानदेशातल्या एका वाटरक्षकाचं नाव मात्र कागदावर ठळक आहे : खाज्या नाईक. सातपुड्यातून माळव्याकडे जाणाऱ्या सेंधवा घाटाची राखण त्याच्याकडे होती. प्रवासी आणि माल त्या दऱ्यांमधून सुखरूप पार करणं हे त्याचं काम. १८५७ मध्ये तो इंग्रजांवर उलटला, एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीची लढाई झाली, आणि सरकारी दप्तरात खाज्याच्या नावाने पानं भरली. त्याच्यामुळे किती माणसं वर्षानुवर्षं तो घाट सुखरूप ओलांडून घरी पोचली, याचं पान कुठे नाही. वाट राखत होता तोवर दप्तराला त्याचं फारसं काम नव्हतं. वाट अडवली तेव्हा दप्तर उघडलं.

दप्तराचा विषय निघालाच आहे तर सांगतो. एरंडोल एकेकाळी हातकागदासाठी ओळखलं जायचं. जाडाभरडा देशी कागद, वह्या-चोपड्यांचा. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्येही त्याची नोंद आहे, तेव्हा तो धंदा उतरणीला लागला होता. (हल्ली एरंडोलचं नाव बातम्यांत येतं ते पांडववाड्यावरून. त्यावर बोलायला खूप लोक आहेत, कागदावर कुणी नाही.) म्हणजे ज्या गावाने लोकांना नावं लिहायला कागद पुरवला, त्या गावाच्या कागद्यांची नावंही कुणी उतरवून ठेवली नाहीत.

सगळ्यांनीच असं केलं, असं म्हणणं अन्यायाचं होईल. १८४४ मध्ये अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला मेजर रॉबर्ट गिल आला, तो बराच काळ इथेच राहिला आणि आज त्याची कबर भुसावळला आहे. त्याच्या बहुतेक नकला लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत १८६६ मध्ये जळाल्या. पण अजिंठा गावात त्याने बसवलेला एक दगड शिल्लक राहिला, त्यावर पारोचं नाव आहे आणि ती गेली ती तारीख, २३ मे १८५६. पुढे १९०९ ते १९११ मध्ये लेडी हेरिंगहॅम नकला करायला आल्या. त्यांच्याबरोबर बंगालचे नंदलाल बोस होते, तसे हैदराबादहून आलेले सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीनही होते. १९१५ मध्ये पुस्तक निघालं त्यात कोणी काय काम केलं ते नावानिशी दिलं आहे. म्हणूनच बुद्धाच्या चित्रांवर वाकून महिने घालवणारे हे दोन मुसलमान चित्रकार आज आपल्याला माहीत आहेत. सय्यद अहमद तर पुढे निजामाच्या पुरातत्त्व खात्यातर्फे अजिंठ्याचे रखवालदारच झाले. एक ओळ लिहायला त्या बाईंना कितीसा वेळ लागला असेल?

गेल्या डिसेंबरात मुलीला घेऊन अजिंठ्याला गेलो. ती आता सतरा वर्षांची आहे, बादल आणि राजू तिला अजून आठवतात. फर्दापूर फाट्यावर गाडी लावली आणि बसने आत गेलो. दहाव्या लेण्यात तिला स्मिथची सही बघायची होती. ती सहज सापडत नाही, कारण स्मिथ आला तेव्हा आत माती-दगडांचा ढीग होता आणि तो त्यावर उभा होता. ढीग काढल्यावर सही आपल्या डोक्याच्या वर गेली. आम्ही दोघं माना वर करून खांब धुंडाळत होतो, तेवढ्यात तिथल्या एका चौकीदाराने, न विचारता, बॅटरीचा झोत नेमका त्या जागी टाकला. झोत थोडा सरकवून त्याने तारीखही दाखवली.

मुलीने त्यांचे आभार मानले. मी म्हटलं, "दादा, तुमचं नाव काय?"

त्यांनी बॅटरी बंद केली. "का हो? काही चुकलं का?"

"नाही, नाही. असंच विचारतो."

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मलाच विचारलं, तुमचं काय. मी सांगितलं. कुठले? एरंडोलचे. मग त्यांनी त्यांचं सांगितलं, आडनावासकट, आणि गावही. सरकारी नोकरीतला माणूस आहे, म्हणून इथे देत नाही. मुलीने ते वहीत लिहून घेतलंय.