तालीम की एमएमए? शिरूर-दौंडच्या पोरांसाठी डावपेचांचा इतिहास

आजचा प्रश्न शिरूर आणि दौंडच्या पोरापोरींचा आहे, पण तो महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावाला लागू पडतो. मोबाईलवर एमएमएच्या फाईट्स बघून अंगात वारं भरतं. आपणही शिकावं असं वाटतं. पण शिकायचं काय? जवळपास कुस्तीची तालीम सापडते. शाळेच्या मैदानावर संध्याकाळी कराटेचा क्लास असतो. बॉक्सिंग किंवा जुजित्सू नीट शिकायचं म्हटलं की पुणं गाठा. शिरूरहून नगर रोडने जा नाहीतर दौंडहून रेल्वेने, जाऊन-येऊन अर्धा दिवस गेलाच. वेळ आणि पैसा दोन्ही मोजकं असताना निवड चुकली तर महागात पडते. म्हणून आज जरा इतिहासाला विचारू.

हरायचं कसं, यावर खेळ ठरतो

कुठलीही स्टाईल समजून घ्यायची तर एकच प्रश्न विचारा: या खेळात माणूस हरतो कधी? कुस्तीत उत्तर सरळ आहे. पाठ मातीला लागली की चितपट, खेळ खलास. त्यामुळे पैलवानाचं सगळं अंग एकाच गोष्टीसाठी तयार होतं, पाठ लागू द्यायची नाही. खाली गेलाच तर तो पालथा पडतो, पोट मातीला चिकटवतो आणि तग धरतो.

याची जगप्रसिद्ध गोष्ट १९१० ची आहे. आपला गामा पैलवान लंडनला गेला आणि १० सप्टेंबरला पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झिबिस्कोशी भिडला. झिबिस्कोनं काय केलं? पालथा पडला आणि जवळजवळ अडीच-तीन तास तसाच राहिला. गामाला त्याला उलथवता आलं नाही, कुस्ती बरोबरीत सुटली. पुढच्या आठवड्यात पुन्हा लढत ठरली, तर झिबिस्को आलाच नाही.

आता हीच चाल एमएमएत करून बघा. पालथा पडलेल्या माणसाच्या पाठीवर समोरचा बसतो, गळ्याखालून हात घालतो आणि दाबतो. काही सेकंदांत एक तर हात आपटून हार मानायची, नाहीतर शुद्ध हरपायची. उलट जुजित्सूवाला स्वतःहून पाठीवर पडतो, पाय समोरच्याच्या कमरेला घालतो आणि तिथूनच हात नाहीतर गळा धरतो. कुस्तीत जी हार, ती त्याच्याकडे लढायची जागा! म्हणजे कुठला खेळ भारी हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठल्या नियमांत भारी, असं विचारायला हवं.

खाशाबा मॅटवर कसे जिंकले

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीतले पैलवान. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते फ्लायवेट गटात सहावे आले. मॅट नवी होती, नियम नवे होते. मातीतली कुस्ती निकाल लागेपर्यंत चालते, तिथं घड्याळ आणि गुण होते. खाशाबांनी नंतरची चार वर्षं हे नियम अंगात मुरवले. पुढच्या वेळी पैसे नव्हते, तर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून मदत केली. १९५२ मध्ये हेलसिंकीला बँटमवेट गटात खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

त्याच गटातलं सुवर्णपदक जपानच्या शोहाची इशीनं नेलं. हा इशी मूळचा जुदोवाला! दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये जुदोवर बंदी आली, म्हणून तो कुस्तीकडे वळला. एक मातीतून आलेला, एक जुदोतून, आणि दोघांची गाठ पडली ती तिसऱ्याच नियमांच्या मॅटवर. मिक्स फाईटिंगचं बीज हेच तर आहे. जुनं टाकायचं नाही, पण नवा नियम मान खाली घालून शिकायचा.

क्रॉस ट्रेनिंग काही नवं नाही

जिमवाले 'क्रॉस ट्रेनिंग' म्हणतात ते आपल्याकडे फार जुनं आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा, याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लांवर अख्खं प्रकरण आहे. मल्लांनी खायचं काय हे त्यात सांगितलंय. वजन उचलणं, चालणं, पाण्यातला व्यायाम आणि खांबावरचा व्यायामही आहे. नुसती झोंबाझोंबी करून मल्ल घडत नाही, हे तेव्हाही ठाऊक होतं.

पुढं दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब पुन्हा उभा केला. तोही मुळात पैलवानाच्या तयारीचाच भाग. पकड, खांदा, पोट, कंबर आणि लवचिकपणा, एका लाकडी खांबावर सगळं होतं. नुसत्या फिटनेससाठी काही शोधत असाल, तर जोर, बैठका आणि मल्लखांब यांना आजही तोड नाही. आणि खर्च? जवळपास शून्य.

अमेरिकेतली चार वर्षं

आता येऊ एमएमएकडे. १२ नोव्हेंबर १९९३ ला अमेरिकेत डेन्व्हरला पहिली यूएफसी झाली. ब्राझीलचा शिडशिडीत रॉईस ग्रेसी एका रात्रीत तीन जणांना हरवून गेला. सगळे म्हणाले, जुजित्सूच खरं! मग आले कुस्तीगीर. डॅन सेव्हर्न आला, १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये खेळलेला मार्क कोलमन आला. माणूस उचलायचा, आपटायचा, वरून मारायचं. १९९७ च्या फेब्रुवारीत कोलमन पहिला हेवीवेट चॅम्पियन झाला. सगळे म्हणाले, कुस्तीच खरी! आणि त्याच जुलैत किकबॉक्सर मॉरिस स्मिथनं कोलमनला हरवलं. कसं? तो खाली पडल्यावर तग धरायला शिकून आला होता. कोलमन दमला, मग स्मिथ उभा राहून मारत राहिला.

चार वर्षांत तीन 'खरे' खेळ झाले! जिंकला तो, ज्यानं स्वतःची कच्ची बाजू भरून काढली.

आपल्याकडचं उदाहरण भरत खंडारेचं. कुस्तीतून आलेला हा गडी भारतातून यूएफसीत उतरलेला पहिला फायटर. २५ नोव्हेंबर २०१७ ला शांघायमध्ये चीनच्या सोंग यादोंगनं त्याला पहिल्याच राऊंडमध्ये गिलोटिन चोक लावून हरवलं. आता हा चोक लागतो कधी, बघा. मान पुढं आली आणि समोरच्याच्या काखेत सापडली की. पट काढायला वाकलेल्या पैलवानाला या चोकची सगळ्यात जास्त भीती. कुस्तीत गळा आवळून निकाल लागत नाही, म्हणून मान जपायची ती सवय तालमीत लागत नाही. पट चांगला असला तरी मान कुठं ठेवायची हे वेगळं शिकावंच लागतं.

मग शिरूर-दौंडच्या पोरांनी काय करावं?

आधी ठरवा, कशासाठी शिकायचंय.

पोलीस भरती डोक्यात असेल, तर मैदानावर गुण आहेत धावण्याला आणि गोळाफेकीला. दौंडमध्ये तर एसआरपीएफचेच गट आहेत, तिथं पाच किलोमीटर धावावं लागतं. कराटेचा बेल्ट तिथं धावायला येत नाही. रनिंग आधी, बाकी सगळं नंतर.

एमएमए खेळायचंच असेल, तर जवळच्या तालमीतून सुरुवात करा. एकेरी पट, दुहेरी पट, दस्ती, ढाक हे डाव पिंजऱ्यातही चालतात. अंगाला अंग लागल्यावर घाबरायचं नाही, हे तालीम फुकटात शिकवते. वर्ष-दोन वर्षांनी पाया पक्का झाला की आठवड्यातून एकदा-दोनदा पुणं गाठून बॉक्सिंग आणि जुजित्सू जोडा. रोजच्या प्रवासापेक्षा हे परवडतं. मातीत शिकलेला मागं पडतो हा समजही सोडा. नोव्हेंबर २०२३ मध्ये नगर रोडवरच्याच फुलगावला महाराष्ट्र केसरी झाली. माती विभागातून आलेल्या सिकंदर शेखनं गादी विभागाच्या शिवराज राक्षेला काही सेकंदांत अस्मान दाखवलं.

मुलींनो, तालमीचं दार फार काळ तुम्हाला बंद होतं. पण मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. गावच्या तालमीत मुलींची वेगळी वेळ नसेल, तर चार जणी मिळून जा आणि वस्तादांना विचारा. जुदो किंवा कराटेचा क्लास जवळ असेल तर तोही चालेल, फक्त तिथं समोरासमोर लढायचा सराव होतो का ते बघा. नुसत्या हवेतल्या किकांवर लढता येत नाही.

शेवटचं, आणि हे हसण्यावारी नेऊ नका. 'ताकदीचं इंजेक्शन' म्हणून पोरांना मेफेंटरमाईन विकतात. पुणे परिसरात पोलिसांनी असा बेकायदा साठा पकडल्याच्या बातम्या आल्या आहेत. ते औषध ऑपरेशनच्या वेळी घसरलेला रक्तदाब वाढवायला डॉक्टर वापरतात. ताकद त्यानं वाढत नाही, हृदयावर मात्र ताण येतो. कुणी तालमीत किंवा जिममध्ये हे पुढं केलं, तर त्या दारातून बाहेर पडा आणि घरी सांगा. स्टाईल चुकली तर बदलता येते, हृदयाचं तसं नाही.

तर मंडळी, आपापल्या गावातली तालीम कुठं आहे, कधी उघडते, वस्ताद कोण, हे या आठवड्यात जाऊन बघून या. खडाखडी करायला मिळाली तर उत्तमच. भेटू पुढच्या भागात. राम राम!