गुरं, कोंडवाडा आणि सुपुर्दनामा

उर्दूत ‘जामिन’ म्हणजे माणूस, दुसऱ्याची जबाबदारी अंगावर घेणारा. मराठीत तो ‘जामीन’ झाला आणि माणूस व त्याची हमी, दोन्हींना एकच शब्द पुरला. ‘मुचलका’ तुर्की, ‘सुपुर्दनामा’ फारसी. हे शब्द वर्गात आले की मी मुलांना सांगतो, यांच्यामागे एक जुना पेच आहे: वस्तू कोणाची हे ठरेपर्यंत ती ठेवायची कोणाकडे?

इंग्लंडमध्ये हा पेच गुरांवरून पडला. खंड थकला म्हणून जमीनदार कुळाची गुरं ओढून नेई. कूळ म्हणे, बाकी काहीच नाही. मग ‘रिप्लेव्हिन’ नावाच्या दाव्यात शेरीफ गुरं कुळाला परत देई आणि वाद पुढे चाले. गोठा रिकामा राहत नसे, हे त्यातलं शहाणपण. पण काही कुळं ती गुरं विकून मोकळी होत. मग निकाल जमीनदाराच्या बाजूने लागला तरी त्याच्या हाती काय येणार? म्हणून १२८५ च्या वेस्टमिन्स्टर कायद्याने शेरीफला बजावलं: हरल्यास गुरं परत करीन अशी हमी आधी घे, नाहीतर किंमत तू भर. १७३७ मध्ये खंडाच्या वादात दोन जामीनदार आणि मालाच्या दुप्पट किमतीचा बाँड आला.

आपल्याकडे इंग्रजांनी १८७१ मध्ये गुरांच्या अतिक्रमणाचा, म्हणजे कोंडवाड्यांचा कायदा केला. तिथे हमी नव्हे, रोकड. गुरं बेकायदा धरली असं म्हणणाऱ्या मालकाने दंड आणि खर्च अनामत भरायचा, जनावर न्यायचं, आणि धरल्यापासून १० दिवसांत मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करायची. मला १२८५ ची रीत जास्त माणसांची वाटते. खिशात पैसा नसला तरी शेजारी असतो. (दुप्पट किमतीचा बाँड मात्र गरिबाला कसा झेपणार?)

फौजदारी मुद्देमालातही गाठ तीच. पोलीस ठाण्यांच्या आवारात गंजणाऱ्या वाहनांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये, सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगितलं, की ती अडकवून ठेवण्यात अर्थ नाही. योग्य बाँड आणि हमी घेऊन लवकर सोडा. सुपुर्दनामा लिहून दिला की रिक्षावाल्याची रिक्षा रस्त्यावर येते. पण सहसा ती विकायची नाही, तिचं रूप बदलायचं नाही, आणि कोर्टाने बोलावलं की दारात आणून उभी करायची.