राजा आर्दुइन, लायडेनची बरणी आणि जळालेला बोर्ड : हातभर वायर आणि अडीचशे वर्षांचा इतिहास

#थ्रेड #इतिहास #विज्ञानेतिहास

१/१९
इ.स. १००२. इटलीतील पाविया येथे आर्दुइन नावाच्या सरदाराने राजमुकुट धारण केला. दोनच वर्षांत जर्मनीच्या दुसऱ्या हेन्रीने त्याच पावियात स्वतःचा राज्याभिषेक करवून घेतला आणि आर्दुइनची सत्ता नाममात्र उरली. त्याचे गाव इव्रेआ. हजार वर्षांनंतर त्या गावातील एका बारला या पदच्युत राजाचे नाव होते. त्या बारवरून एका इलेक्ट्रॉनिक बोर्डाचे नामकरण झाले : आर्डुइनो.

२/१९
मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत हा बोर्ड आज सहज मिळतो. विज्ञान प्रदर्शनापासून अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षापर्यंत त्याचा संचार आहे. तो तितक्याच सहजपणे जळतोही. तो का जळतो आणि कशाने वाचतो, याची उत्तरे विद्युतशास्त्राच्या इतिहासात विखुरलेली आहेत. नवशिक्याला सांगितल्या जाणाऱ्या जवळपास प्रत्येक सूचनेमागे कोणाचा तरी जुना अनुभव आहे, आणि एका सूचनेमागे तर मृत्यू आहे.

३/१९
इव्रेआ हे ऑलिव्हेत्ती कंपनीचे गाव. १९०८ मध्ये कामिल्लो ऑलिव्हेत्ती यांनी येथे टाइपरायटरचा कारखाना काढला. विसाव्या शतकातील औद्योगिक नगर म्हणून २०१८ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. या गावातील इंटरॅक्शन डिझाइन संस्थेत एर्नांदो बार्रागान या विद्यार्थ्याने २००३ मध्ये ‘वायरिंग’ हा प्रकल्प प्रबंधासाठी केला. त्या पायावर २००५ मध्ये मास्सिमो बांझी, डेव्हिड क्वार्तिएल्स आणि सहकाऱ्यांनी आर्डुइनो उभा केला.

४/१९
येथील विद्यार्थी प्रामुख्याने रचनाकार होते, विद्युत अभियंते नव्हते. त्यांच्या हातून चुका होणार हे गृहीतच होते. महागडा बोर्ड एकदा जळाला की विद्यार्थी दुसऱ्यांदा वायरला हात लावायला कचरतो. म्हणून बोर्ड स्वस्त हवा होता आणि काही चुका पोटात घालणारा हवा होता. कोणत्या चुका पोटात घालता येतात आणि कोणत्या नाही, हे कळण्यासाठी मात्र अठराव्या शतकात जावे लागते.

५/१९
१७४५ च्या ऑक्टोबरात पोमेरेनियातील धर्माधिकारी एवाल्ड फॉन क्लाइस्ट यांना आणि १७४६ च्या आरंभी हॉलंडमधील लायडेनचे प्राध्यापक पीटर व्हान मुस्खेनब्रूक यांना एकच शोध लागला. काचेच्या बरणीत विद्युतप्रभार साठवता येतो, आणि बरणी हातात धरून तिच्या धातूच्या टोकाला स्पर्श केला तर तो सारा प्रभार एका क्षणात शरीरातून जातो. मुस्खेनब्रूक यांना बसलेला धक्का इतका जबर होता की पुन्हा हा प्रयोग करू नये, असे त्यांनी पॅरिसला लिहून कळवले.

६/१९
पॅरिसकरांनी उलटेच केले. १७४६ मध्येच आबे नोले यांनी राजासमोर १८० शिपायांना एकमेकांचे हात धरून उभे केले आणि लायडेनच्या बरणीचा प्रवाह त्यांच्यातून सोडला. सगळे एकाच वेळी उडाले. दरबाराची करमणूक झाली आणि शास्त्राला एक मोलाचा धडा मिळाला : मानवी शरीर हा विद्युतमार्ग आहे. हे शरीर स्वतःही एक लहानशी बरणी असते, हा पुढचा धडा इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांना फार महागात पडला.

७/१९
६ ऑगस्ट १७५३, सेंट पीटर्झबर्ग. वादळातील विद्युत मोजण्यासाठी गेऑर्ग रिखमान यांनी घरावर धातूची कांब उभारली होती. ती जमिनीशी जोडलेली नव्हती. वीज कांबेवाटे उतरली आणि रिखमान जागीच मृत्यू पावले. बेंजामिन फ्रँकलिन ज्या तडितरक्षकाचा पुरस्कार करत होते त्याचे मर्म यातून जगासमोर आले : विजेला थोपवता येत नाही, तिला जमिनीकडे जाणारा सोपा मार्ग द्यावा लागतो. अर्थिंगचा आग्रह या अनुभवातून दृढ झाला.

८/१९
आता दोन शतके ओलांडू. १९५९ मध्ये बेल प्रयोगशाळेत मोहम्मद अटाला आणि दावोन कांग यांनी मॉस ट्रान्झिस्टर घडवला. यातील ‘गेट’ आणि सिलिकॉन यांच्यामध्ये काचेच्याच कुळातील, केसाहून शेकडोपट पातळ असा रोधक थर असतो. दोन वाहक आणि मध्ये काच, ही लायडेनच्या बरणीचीच अतिसूक्ष्म आवृत्ती होय. १९६३ मध्ये फ्रँक वॉनलास आणि चि-तांग सा यांनी सीमॉस मंडल मांडले, १९६८ मध्ये आरसीए कंपनीने त्याच्या चिप बाजारात आणल्या. आर्डुइनोवरील चिप याच घराण्यातली.

९/१९
या पातळ काचेचा शत्रू म्हणजे स्थितिक विद्युत. गालिच्यावरून चालताना, नायलॉनचा सदरा काढताना शरीरावर काही हजार व्होल्ट जमतात. साधारण तीन हजार व्होल्टांखालचा झटका माणसाला जाणवतही नाही, पण असंरक्षित गेटचा थर त्याहून कितीतरी कमी दाबाने फुटतो. चाचण्यांसाठी अभियंत्यांनी माणसाचे एक विद्युतप्रतिरूप ठरवले : १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि १५०० ओहमचा रेझिस्टर. नोलेंचा शिपाई शेवटी दोन आकड्यांत मावला.

१०/१९
उपाय दोन निघाले. पहिला चिपच्या आत : प्रत्येक पिनपाशी सूक्ष्म डायोड बसवले गेले. जास्तीचा दाब ते वीजपुरवठ्याकडे किंवा ग्राउंडकडे वळवतात. हा चिपचा तडितरक्षक. दुसरा उपाय चिपबाहेर : वाहक काळा फोम, विशिष्ट पिशव्या आणि जमिनीशी जोडलेला मनगटी पट्टा. या पट्ट्यात सहसा १० लाख ओहमचा रेझिस्टर असतो. प्रभार हळूहळू ओसरावा आणि चुकून जिवंत वायरला हात लागला तर माणूस वाचावा, यासाठी तो असतो. रिखमान यांची आठवण इथे कामी येते.

११/१९
घरी पट्टा नसेल तरी काही गोष्टी शक्य आहेत. बोर्ड हाती घेण्यापूर्वी अर्थिंग असलेल्या उपकरणाच्या उघड्या धातूला स्पर्श करावा. बोर्ड कडेने धरावा, पिनांना बोटे लावू नयेत. गादी, गालिचा, थर्माकोल यांवर काम करू नये. कोरड्या हिवाळ्यात विशेष जपावे, कारण दमट हवेत प्रभार लवकर ओसरतो आणि कोरड्या हवेत साचून राहतो.

१२/१९
स्थितिक विद्युत ही क्षणाची चोर. दुसरा धोका अखंड वाहणाऱ्या प्रवाहाचा. १८४७ मध्ये फ्रान्सच्या लुई ब्रेगे यांनी तारायंत्र केंद्रांना विजेपासून वाचवण्यासाठी मुख्य तारेच्या वाटेत मुद्दाम बारीक तार घालण्याची सूचना केली. संकटसमयी ती आधी वितळेल आणि यंत्र वाचेल. १८९० मध्ये एडिसन यांनी आपल्या वीजवितरण व्यवस्थेसाठी फ्यूजचे पेटंट घेतले. एका स्वस्त भागाने स्वतःचा बळी देऊन महाग भाग वाचवायचा, ही कल्पना तेव्हापासून रुजली.

१३/१९
२०१० च्या आर्डुइनो युनोवर यूएसबीच्या वाटेत हाच फ्यूज नव्या रूपात बसला आहे. तो वितळून नष्ट होत नाही. प्रवाह ५०० मिलिअँपिअरहून फार वाढला की तो तापतो, त्याचा रोध एकदम वाढतो, आणि थंड झाल्यावर तो पूर्ववत होतो. ५ व्होल्ट आणि ग्राउंड यांची गाठ पडली तर तो लॅपटॉपचा पोर्ट वाचवतो. मात्र सर्वच बोर्डांवर तो नसतो, आणि असला तरी चिपच्या एकेका पिनचे रक्षण करणे त्याच्या आवाक्यात नाही.

१४/१९
पिनचे रक्षण गेऑर्ग ओहम करतो. १८२७ मध्ये त्याने आपला नियम ग्रंथरूपाने मांडला, तेव्हा जर्मनीत त्याचे थंडे स्वागत झाले आणि त्याने कोलोनची नोकरी सोडली. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिले. युनोच्या एका पिनने २० मिलिअँपिअर द्यावेत असे अपेक्षित आहे. ४० ही शेवटची मर्यादा आणि साऱ्या चिपची मिळून २००. मर्यादेपर्यंत जाणे म्हणजे कड्याच्या टोकावर उभे राहणे.

१५/१९
लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात. ५ व्होल्टांतून २ वजा केले की ३ उरतात. त्यांना २२० ओहमने भागले की सुमारे १४ मिलिअँपिअर येतात. रेझिस्टर न लावता एलईडी थेट जोडला तर प्रवाहाला आवर घालणारे विशेष काही राहत नाही. तो काही काळ झगझगीत पेटतो, म्हणून नवशिक्याला वाटते की जमले. पिनची हानी मात्र तेव्हाच सुरू झालेली असू शकते.

१६/१९
आल्बनीच्या शाळेतील शिक्षक जोसेफ हेन्री यांनी १८३२ मध्ये एक विलक्षण निरीक्षण प्रसिद्ध केले : तारेच्या लांब वेटोळ्यातील प्रवाह तोडताच संपर्काच्या जागी जोरदार ठिणगी उडते. वेटोळे प्रवाह चालू ठेवू पाहते आणि त्यासाठी मूळ दाबाच्या अनेक पट दाब निर्माण करते. आजचा रिले आणि मोटर म्हणजे अशीच वेटोळी. रिले बंद करण्याच्या क्षणी हेन्रींची ती ठिणगी उलट्या दिशेने बोर्डाकडे धाव घेते.

१७/१९
शिवाय ५ व्होल्टांचा साधा रिले सुमारे ७० मिलिअँपिअर ओढतो. पिनची शेवटची मर्यादा ४० आहे. म्हणून रिले वा मोटर पिनवर थेट जोडू नये. मध्ये ट्रान्झिस्टर घालावा आणि वेटोळ्याच्या दोन टोकांवर १एन४००७ सारखा डायोड उलटा जोडावा, म्हणजे त्याची पट्टी असलेली बाजू धन टोकाकडे यावी. ठिणगीचा प्रवाह डायोडमधून वेटोळ्यातच फिरून शमतो. तयार रिले मॉड्यूलवर हे दोन्ही भाग बहुधा असतात. सुटा रिले घेणाऱ्याने ते स्वतः जोडायचे असतात.

१८/१९
उरल्या दाबाच्या चुका. युनोच्या गोल जॅकला ७ ते १२ व्होल्ट द्यावेत. तेथे उलट्या ध्रुवांपासून वाचवणारा डायोड आहे; ‘व्हीआयएन’ पिनला तो आधार नाही, आणि ‘५ व्होल्ट’ पिनवरून दिलेला पुरवठा रेग्युलेटरला वळसा घालून थेट चिपवर जातो. २०१२ मध्ये आलेले रास्पबेरी पाय आणि आर्डुइनो ड्यू ३.३ व्होल्टांचे आहेत. त्यांच्या पिनला ५ व्होल्ट लागले तर बोर्ड जाऊ शकतो. संदेश ५ वरून उतरवायचा तर १ हजार ओहम संदेशाच्या वाटेत आणि २ हजार ओहम ग्राउंडकडे अशी जोडणी ३.३ च्या आसपास आणते. वायर बदलताना पुरवठा काढावा, आणि बोर्ड धातूच्या पत्र्यावर ठेवू नये.

१९/१९
हे सारे पाळूनही कधी तरी चूक होतेच. युनोच्या एका प्रसिद्ध आवृत्तीत मुख्य चिप सोल्डर केलेली नाही. लांब पायांची एटीमेगा३२८पी सॉकेटमध्ये बसवलेली आहे. ती जळाली तर स्क्रूड्रायव्हरने हळूच उचलावी आणि बूटलोडर असलेली नवी चिप खाच जुळवून बसवावी. बाकीचा बोर्ड शाबूत असेल तर तो पुन्हा चालू होतो. मुस्खेनब्रूक यांना दुसरा प्रयोग नको होता. या सॉकेटमुळे विद्यार्थ्याला तो एका चिपच्या किमतीत करता येतो.