सुपाएवढी जागा

सोलापुरात घराचा नकाशा काढायचा तर पहिला प्रश्न खोल्या किती हा नसतो. घरात काम कोणतं चालतं, हे आधी विचारावं लागतं. मी काही आर्किटेक्ट नव्हे. आयटीआय शिकलेला ड्राफ्ट्समन. परवानगीसाठी लागणारे नकाशे काढून देणं, जुन्या घरांची मापं घेणं, वाटणीच्या वेळी भावाभावांत भिंत कुठून जाणार ते कागदावर दाखवणं, यात उभा जन्म गेला. मी हे शहर पाहिलं ते टेप धरून. त्यामुळे त्याच्या इतिहासातले पुतळे आणि कमानी मला फारशा आठवत नाहीत. उंबऱ्याची उंची मात्र आठवते.

बाळीवेस, मंगळवार पेठ, कसबा या जुन्या गावठाणात आजही एखाददुसरं माळवदाचं घर उभं आहे. भिंती दोन-अडीच फूट रुंद, दगड आणि मातीच्या. वर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट. त्यावर निंबाचा पाला नाहीतर तुराट्या, त्यावर चिखल, आणि सगळ्यांत वर पांढऱ्या मातीचा हातभर थर. उजेडासाठी माळवदात एक सानं ठेवलेलं. मृगाच्या आधी वर नवी माती टाकायची, धोपटायची, पन्हळी साफ करायच्या. हे दरसालचं काम. कोकणात असलं छप्पर एका पावसात खाली आलं असतं. आमच्याकडे पाऊसच बेताचा, त्यामुळे ते पिढ्यान्‌पिढ्या टिकलं.

आणि ऊन? मे महिन्यात सोलापूर त्रेचाळीस-चव्वेचाळीसला सहज जातं. दुपारचा तो ताव मातीच्या थरातून खाली उतरायला इतका वेळ लागतो, की तो आत पोचेपर्यंत रात्र झालेली असते आणि घरातली माणसं अंथरूण-पांघरूण घेऊन माळवदावर गेलेली असतात. दिवसा खाली आणि रात्री वर. घराच्या दोन मजल्यांचा असा वापर कुठल्या पुस्तकात शिकवतात का, मला माहीत नाही. मला तरी कुणी शिकवला नाही.

१८६० च्या सुमारास रेल्वे आली आणि १८७७ मध्ये जुनी गिरणी सुरू झाली. त्याच सुमाराला १८७६-७७ चा मोठा दुष्काळ पडला होता. खेड्यांतून पोटासाठी निघालेली माणसं आणि हात हवे असलेली गिरणी यांची गाठ अशी पडली. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि भोंगा हे गावाचं घड्याळ झालं. गिरणीची चाळ म्हणजे पाळी संपवून येऊन पडायची जागा. काम तिकडे, झोप इकडे. घरात काम चालत नाही, असं घर या गावाने बहुधा तेव्हाच पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर पाहिलं. तेही फार दिवस टिकलं नाही. चाळीतल्या बायकांनी विडीचं सूप मांडीवर घेतलं आणि त्या एका खोलीतही धंदा शिरला.

याच गिरण्यांच्या काळात सोलापुरात एक वसाहत सरकारने अगदी शिस्तीत आखून वसवली. ती तिथल्या माणसांच्या सुधारणेसाठी होती असं कागदोपत्री म्हटलं जाई, पण तिच्याभोवती तारेचं कुंपण होतं. गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारधी, कैकाडी, मांग गारुडी अशा जमातींतल्या माणसांना जन्मानेच गुन्हेगार ठरवून तिथे ठेवलं जाई. त्यांची हजेरी घेतली जाई आणि त्यांना गिरणीत कामाला पाठवलं जाई. स्टार्ट नावाचा अधिकारी या कारभाराचा प्रमुख होता. १९५२ मध्ये तो कायदा गेला, तार गेली, पण ‘सेटलमेंट’ हे नाव अजून आहे. रिक्षावाल्याला तेच सांगावं लागतं. सरळ रस्ते, ओळीने घरं, मोकळी जागा, हे सगळं नकाशावर किती छान दिसतं ते मला धंद्यामुळे कळतं. म्हणून एखाद्या वसाहतीचा सुबक नकाशा समोर आला की मी आधी फाटक कुठे आहे ते बघतो.

मी वाढलो पूर्व भागात. साखर पेठ, भद्रावती पेठ, दत्तनगर, अशोक चौक हा आम्हा पद्मशाल्यांचा मुलूख. तेलंगणातून आमचे पूर्वज हातमाग घेऊन आले. घरी तेलुगू, दारात मराठी, बाजारात कन्नडही. आमच्या घराचा नकाशा कुणी काढला नव्हता, मागानेच काढला होता. खड्डा-माग होता. जमिनीत खड्डा, विणणारा काठावर बसणार, पाय खड्ड्यात पावड्यांवर. जमिनीची ओल सुताला मानवते, कोरड्या हवेत धागा तुटतो. त्यामुळे फरशी घालायचा विषय निघाला की आमचे ताता म्हणजे आजोबा भडकायचे. माग दाराच्या उजेडात. त्याच्या मागे आजी चरख्यावर कांड्या भरत बसलेली. उरलेल्या जागेत चूल, देव आणि आम्ही. ताण्याची पांजणी करायला घरात जागा कुठली? ती गल्लीत व्हायची. पहाटे या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणा पसरलेला, त्याला खळ दिली जाते आहे, आणि ऊन चढायच्या आत तो गुंडाळायचा. गल्ली म्हणजे आमचा अर्धा कारखाना होता. पुढे यंत्रमाग आले, खड्डे बुजले, जमिनीत काँक्रीटचे पाये गेले. मागाच्या खडखडाटाने शेजारच्या भिंतीला तडे जातात, या तक्रारीवर मी जेवढी मापं घेतली असतील तेवढी हद्दीच्या भांडणांवरही नसतील. पण घर आणि कारखाना एकाच छपराखाली, ही रीत तशीच राहिली. सोलापुरी चादर जगभर गेली ती अशा घरांतून.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. किल्लारीचा भूकंप. लातूर-उस्मानाबादेत हजारो माणसं मेली. मरणाचं कारण म्हणजे जे आमचं भूषण तेच: दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं ओझं. सोलापूरही हललं. त्यानंतर कितीतरी दिवस माझ्याकडे येणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य एकच असे, ‘माळवद काढायचंय.’ मी कुणाला थांबवलं नाही. थांबवायचं तरी कोणत्या तोंडाने? खरं म्हणजे तज्ज्ञ तेव्हाही सांगत होते, की मातीचा थर कमी करा, भिंतीच्या दोन्ही बाजू बांधणारे आरपार लांब दगड घाला, वर पट्टा घाला, घर टिकेल. भूकंपग्रस्त गावांत तशी दुरुस्ती करूनही दाखवली गेली. पण घाबरलेल्या माणसाला थर कमी करायचा नसतो, सगळंच उतरवायचं असतं. माळवदं उतरली, वर पत्रे आले, पैसा आला तसा स्लॅब आला. सोलापूरच्या घरांतला गारवा उन्हाने नव्हे, त्या एका पहाटेच्या भीतीने घालवला, असं माझं मत आहे. चार इंची स्लॅब दुपारी तापतो तो रात्री बारापर्यंत आत आग ओततो. वर झोपावं म्हटलं, तर वर शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाक्या.

टाक्यांवरून पाणी आठवलं, आणि पाण्यावरून हद्दवाढ. १९९२ मध्ये शहराची हद्दवाढ झाली. बाळे, केगाव, शेळगी, सोरेगाव, मजरेवाडी अशी गावं पालिकेत आली आणि तेहतीस चौरस किलोमीटरचं गाव एका आदेशात १७८ चौरस किलोमीटरच्या आसपास गेलं. लोक आजही त्या भागाला नुसतं ‘हद्दवाढ’ म्हणतात. शेतं गुंठ्यागुंठ्याने विकली गेली. रस्ता कागदावर वीस फूट, प्रत्यक्षात बैलगाडीची वाट. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने यातलं बरंचसं नियमित करता आलं, आमच्या धंद्यालाही बरे दिवस आले. नळाला मात्र चार-पाच दिवसांआड पाणी. उजनीचं धरण भरलेलं असो वा नसो, शंभराहून अधिक किलोमीटरवरून पाणी यायचं. मग प्रत्येक नकाशात आधी हौद. अंगण, तुळस, ओटा यांची जागा त्या हौदाने खाल्ली. २०१६ मध्ये सोलापूर स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आलं तेव्हा मला पहिला फोन आला तो हौद मोठा करता येईल का, हे विचारायला.

आता विडीकडे येतो, कारण मला जे सांगायचं आहे ते तिथेच नीट दिसतं. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, पुरुष घरी बसले, आणि पूर्व भागातली हजारो घरं बायकांच्या विड्यांवर चालली. आधी त्या कारखान्यात बसून वळायच्या, पुढे घरखेप आली. कारखान्याच्या ब्रँचमधून पानं आणि तंबाखू आणायची, रात्री पानं भिजवून ओल्या फडक्यात ठेवायची, फर्मा लावून कात्रीने कापायची, दिवसभर वळायचं, आणि हजाराचा हिशेब घेऊन पुन्हा ब्रँच. तिथे खराब विड्यांची छाट निघते ती वेगळीच.

अशाच एका बाईच्या खोलीची मी दुरुस्तीसाठी मापं घेत होतो. मी म्हटलं, इथे पंख्याचा पॉइंट घेऊ. ती हसली. ‘अण्णा, फ्यान लावलं की तंबाखू उडतंय आन्‌ पान वाळतंय. फ्यानचं काय करू? दारात बसल्यावर उजेड येतंय, तेवढं दार मोठं करा बघा.’ सूप मांडीवर, पाठ चौकटीला, पाय पायरीवर. तिचं कामाचं टेबल, खुर्ची, दिवा, खिडकी सगळं त्या दारातच होतं. मी टेप धरला तेव्हा ती बसायची ती जागा जेमतेम तीन फूट बाय तीन फूट भरली. नकाशात त्या जागेला नाव नव्हतं.

विडी कामगारांच्या घरांचा पैसा कुठून आला तेही सांगायला हवं. १९७६ मध्ये केंद्राने विडी कामगारांसाठी कल्याण निधीचा कायदा केला आणि विडीवर उपकर बसवला. विडीवरच्या त्या उपकरातून घराच्या अनुदानाची वाट निघाली. पण अनुदान आपोआप दारी येत नाही. लाल बावट्याचे नरसय्या आडम, गावाचे आडम मास्तर, आणि त्यांच्या युनियनच्या बायकांनी त्यासाठी मोर्चे काढले, सहकारी संस्था काढली, हप्ते भरले. वारली लढ्यातल्या गोदावरी परुळेकरांचं नाव दिलेली विडी कामगारांची वसाहत अक्कलकोट रस्त्यावर कुंभारीला उभी राहिली. दहा हजार घरं. वीस हजार केंद्राचे, वीस राज्याचे, वीस त्या बाईचे, असा हिशेब. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग किल्ल्या द्यायला आले होते.

शहराबाहेर इतक्या लांब कोण राहणार, असं म्हणणाऱ्यांत गावातले पुष्कळ शहाणे होते. अडचणी होत्याच, बस, शाळा, दवाखाना, मागाच्या कामावर येणं-जाणं. पण ती घरं जमिनीवर होती, प्रत्येक घराला स्वतःचं दार आणि दारापुढे पायरी होती. बाकीचं लोकांनी करून घेतलं. पुढे पत्र्याची पडवी काढली, तिच्यात सूप आलं, शिलाई मशीन आलं, दुकान आलं. मला विचाराल तर त्या घरांची सर्वांत मोलाची खोली सरकारी नकाशात नव्हतीच.

त्याच कुंभारीत पुढचा पल्ला रे नगर या वसाहतीचा. तीस हजार घरं, प्रधानमंत्री आवास योजनेतून, विडीवाल्यांबरोबर यंत्रमाग कामगार, कचरा वेचणाऱ्या बाया, रिक्षावाले, बांधकाम मजूर अशा असंघटितांसाठी. जानेवारी २०१९ मध्ये पायाभरणी झाली आणि १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते पंधरा हजार घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. लाल बावटा आणि भाजपचे पंतप्रधान एका मांडवात, हे फक्त घरापायीच घडू शकतं. काम प्रचंड आहे, त्याला नावं ठेवायला जीभ रेटत नाही. झोपडीतून पक्क्या भिंतीत आलेल्या माणसाला दगड-मातीच्या गोष्टी सांगणाऱ्या म्हाताऱ्याचा राग यावा, हेही बरोबर.

तरी ड्राफ्ट्समनची खोड जात नाही. तळमजला आणि वर दोन मजले, म्हणजे तीनातल्या दोन घरांना दारापुढे पायरी नाही. सूप कुठे बसणार? जिन्यात बसलं तर वाटेत, आत बसलं तर अंधारात, गॅलरीत बसलं तर पश्चिमेच्या उन्हात. वरच्या मजल्याचा स्लॅब मे महिन्यात काय करतो ते वर सांगितलंच आहे. २०२० पासून मुंबईसारखे काही अपवाद सोडले तर सबंध राज्याला बांधकामाची एकच नियमावली आहे. कोल्हापूरच्या पावसाला आणि सोलापूरच्या उन्हाला नियम एकच. त्यात मोटारीला किती जागा सोडायची ते अगदी बारकाईने दिलं आहे.

मी माझ्यापुरता एक नकाशा काढून ठेवला आहे. तीनच मजले, तेवढंच क्षेत्र, फक्त जिना आणि दारं यांच्या मध्ये, उत्तर अंगाला, चार फुटांची सलग पडवी. प्रत्येक दारासमोर बसायला एक विटेची पायरी, वर स्लॅबला चुन्याचा पांढरा गिलावा, आणि स्लॅबवर टाक्या एका कडेला, म्हणजे रात्री अंथरुणाला जागा राहते. खर्च किती वाढतो त्याचा अंदाजही सोबत लिहिला आहे. फार वाढत नाही. नकाशाची घडी माझ्या ट्रंकेत आहे. पडवीत जिथे बाई बसणार तिथे मी तीन बाय तीनचा चौकोन आखून ‘कामाची जागा’ असं लिहिलं आहे. मंजुरीच्या नकाशात असा शब्द चालतो का, हे विचारायला अजून गेलो नाही.