नोंदवहीत नाव लागेपर्यंत

श्रीपूर आणि आसपासच्या गावांतल्या बचत गटांच्या वतीनं आम्ही आज तुमच्याशी बोलतोय.

गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी येते आणि कारणाच्या रकान्यात लिहिलेलं असतं, 'मुलीचं नर्सिंग'. आम्ही विचारतो, कोणतं नर्सिंग? तर उत्तर येतं, "नर्सिंग म्हणजे नर्सिंग, त्यात आणि कोणतं?" इथंच खरी गफलत आहे. सहा महिन्यांचा क्लास, एएनएम, जीएनएम आणि बीएस्सी या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. गावात मात्र चारींना एकच शब्द आहे. पांढरा कोट चारींच्याही अंगावर दिसतो, पण पगार, जबाबदारी आणि कायद्यातली जागा यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. हा फरक कसा पडला हे समजायचं, तर आपल्याच महाराष्ट्रात दीडशे वर्षं मागं जावं लागतं.

सुरुवात आपल्या सुईणीपासून करू. दवाखाना नव्हता तेव्हा गावाचं बाळंतपण तिच्याच हातात होतं. पोट चाचपून बाळ आडवं की उभं, हे ती सांगायची. बाळंतिणीला शेकायची, बाळाला अंघोळ घालायची. मोबदला म्हणून शेर-दोन शेर धान्य आणि एखादं लुगडं मिळायचं. अनेक ठिकाणी ती खालच्या मानलेल्या जातीतली. त्यामुळं बाळंतपणाला ती हवी, पण बारशाच्या पंगतीत तिला बाजूला बसवायचं. तिचं ज्ञान हाताचं होतं, सासूकडून सुनेकडं आलेलं. त्यात पुष्कळ चांगलं होतं आणि काही धोक्याचंही होतं. नाळ विळ्यानं कापली जायची, धनुर्वात व्हायचा, बाळ दगावायचं. जंतू म्हणजे काय हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. दोष तिच्या हाताचा नव्हता, शिक्षण तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

१८८५ साली व्हाइसरॉयची पत्नी लेडी डफरीन हिच्या नावानं एक निधी उभा राहिला. हिंदुस्थानातल्या बायकांना बायकांकडूनच उपचार मिळावेत, त्यासाठी डॉक्टर, नर्स आणि सुईणी तयार कराव्यात, असा त्याचा हेतू होता. आपण सोलापूरला गेलो की डफरीन चौकात उतरतो. रोजच्या बोलण्यातलं ते नाव याच बाईचं आहे.

पुढच्याच वर्षी, १८८६ मध्ये, मुंबईत कामा हॉस्पिटल सुरू झालं. पेस्तनजी होरमसजी कामा या पारशी गृहस्थांनी त्यासाठी देणगी दिली होती. ते बायका-मुलांसाठीचं रुग्णालय होतं आणि डॉक्टरही बायकाच होत्या. तिथल्या मुख्य डॉक्टर एडिथ पीची यांनी नर्सच्या शिक्षणाला सुरुवात केली. या पीचीबाईंनी स्वतः इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये डॉक्टर होण्यासाठी मोठा झगडा दिला होता. याच कामा हॉस्पिटलात १८९१ साली एक मराठी बाई शिकायला आली. तिचं नाव बाई काशीबाई गणपत. नर्सिंगच्या इतिहासात पहिली प्रशिक्षित भारतीय नर्स म्हणून तिचं नाव घेतलं जातं. मैत्रिणींनो, हे नाव लक्षात ठेवा.

त्यानंतर सहा वर्षांनी पुण्यात प्लेग आला. सावित्रीबाई फुले मुलाच्या, डॉक्टर यशवंतच्या, दवाखान्यात रोग्यांची सेवा करत होत्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. सेवा करायला बाई कधीच मागं नव्हती. पण त्या सेवेला शिक्षण, पगार आणि मान हे तिन्ही एकत्र मिळायला फार वेळ लागला.

तो वेळ का लागला, याचं उत्तर रमाबाई रानडे यांच्या कामात सापडतं. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झालं. रमाबाईंच्या सोबत गोपाळ कृष्ण देवधर होते. सेवासदननं ससून रुग्णालयाच्या आधारानं नर्सिंगचं शिक्षण सुरू केलं. तेव्हा घरंदाज समजल्या जाणाऱ्या घरांत नर्स या शब्दानंच नाक मुरडलं जायचं. परक्या पुरुषाला हात लावायचा, रात्रपाळी करायची, कुणाही जातीच्या माणसाची घाण काढायची, हे कसं चालेल, असा प्रश्न होता. ज्या विधवांना घरात कोपऱ्यात बसवलं होतं, त्यांनीसुद्धा हे काम करू नये, असं लोकांचं म्हणणं. सेवासदननं नुसतं भाषण केलं नाही. मुलींच्या राहण्यासाठी वसतिगृह काढलं. रमाबाईंसारखी मान असलेली बाई पाठीशी उभी राहिली, तेव्हा कुठं घरच्यांनी मुली पाठवल्या. बाईला शिकवायचं तर आधी तिच्या राहण्याची, खाण्याची आणि अब्रूची सोय लावावी लागते, हा धडा तेव्हाचा आहे आणि आजही तो तितकाच खरा आहे.

इकडं आपल्या बाजूला मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ साली उभं राहिलं होतं. तिथंही नर्सिंगची शाळा झाली. मिशनच्या दवाखान्यांतून शिकलेल्या मराठी ख्रिस्ती मुलींनी हे काम फार लवकर हातात घेतलं. त्यांतल्या कितीतरी जणी गावकुसाबाहेरच्या घरांतून आल्या होत्या. ज्यांना विहिरीवर पाणी भरू दिलं जात नव्हतं, त्यांच्या हातून लोक औषध घेऊ लागले. आपल्या समाजात ही लहान गोष्ट नव्हती.

आता नोंदवहीकडं येऊ. शिकलेल्या नर्स वाढल्या तसा प्रश्न आला की खरी शिकलेली कोण आणि नुसती म्हणवून घेणारी कोण? यासाठी मद्रास प्रांतात १९२६ साली कायदा झाला. आपल्या मुंबई इलाख्यात १९३५ साली झाला. त्याच्या नावातच नर्स, सुईण आणि हेल्थ व्हिजिटर अशा तिघींचा उल्लेख आहे. परीक्षा पास झालेल्या बाईचं नाव सरकारमान्य परिषदेच्या नोंदवहीत लागायचं आणि तिला नंबर मिळायचा. जमिनीला जसा सातबारा, तशी नर्सला ही नोंद. पीक कितीही चांगलं आलं तरी सातबाऱ्यावर नाव नसेल तर बँक दारात उभं करत नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पुढं महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६६ साली महाराष्ट्र परिचारिका अधिनियम आला. आजची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल त्याच्यावर चालते. गावची जुनी सुईण मात्र या वहीच्या बाहेरच राहिली.

स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९४६ साली, भोर समितीचा अहवाल आला. सगळ्या देशात मिळून नर्स होत्या फक्त ७,०००. म्हणजे सुमारे ४३,००० माणसांमागं एक. शिकलेल्या सुईणी ५,००० होत्या, म्हणजे ६०,००० माणसांमागं एक. आपल्या गावासारखी दहा-बारा गावं एकत्र केली तरी एक नर्स वाट्याला येत नव्हती.

हे अंतर झटपट भरायचं होतं. १९४७ च्या कायद्यानं भारतीय नर्सिंग परिषद झाली. तिनं १९५० च्या सुमारास दोन पातळ्या ठरवल्या. एक पूर्ण शिकलेली नर्स, म्हणजे आजची जीएनएम. दुसरी दोन वर्षांत तयार होणारी सहाय्यक परिचारिका प्रसाविका, म्हणजे एएनएम. आपल्या उपकेंद्रातली नर्सबाई ती हीच. पायी, सायकलवर, एसटीनं वाडीवस्तीवर जाणारी. लस देणारी, बाळंतपण करणारी, घरातल्या भांडणातसुद्धा बाळंतिणीच्या बाजूनं बोलणारी. आज आपल्या घरातली लेकरं देवी, पोलिओ न होता मोठी झाली, त्यात तिचा वाटा फार मोठा आहे.

पण तिचं शिक्षण मात्र आखडत गेलं. १९७३ साली कर्तारसिंग समितीनं तिला बहुउद्देशीय कर्मचारी करायचं सुचवलं. १९७७ पासून दोन वर्षांचा अभ्यासक्रम १८ महिन्यांवर आला. काम वाढलं आणि शिकवणं कमी झालं. त्यात कुटुंब नियोजनाच्या 'टार्गेट'चं ओझं. ते १९९६ साली उतरलं, पण तोवर कित्येक नर्सबाईंची निम्मी नोकरी आकडे भरण्यात गेली होती. एएनएमचा अभ्यासक्रम आता पुन्हा दोन वर्षांचा झाला आहे.

बढतीची वाटही वेगळीच राहिली. एएनएम पुढं गेली तर आरोग्य सहायिका होते, म्हणजे देखरेख करते. रुग्णालयातली अधिपरिचारिका, जिला आपण स्टाफ नर्स किंवा सिस्टर म्हणतो, ती व्हायचं तर जीएनएम किंवा बीएस्सी करावंच लागतं. वीस वर्षांचा अनुभव असला तरी शिक्षणाशिवाय ही उडी मारता येत नाही.

ही उडी नुसती कागदाची आहे का? नाही. एएनएमचा भर गरोदर बाई, बाळ आणि लसीकरण यांवर असतो. जीएनएममध्ये त्यापुढं शस्त्रक्रियेचा वॉर्ड, हृदयाचे, किडनीचे, मनाचे आजार, अपघात, अतिदक्षता विभाग असं सगळं येतं. एक उदाहरण घ्या. बाळंतपणानंतर बाईचा रक्तदाब मोजणं हे दोघींनाही येतं. पण नाडी वाढतेय, लघवी कमी होतेय, चेहरा फिकट पडतोय, हे तिन्ही एकत्र बघून 'आतून रक्त जातंय' हे ओळखणं, डॉक्टरांना रात्री दोन वाजता उठवणं आणि ते येईपर्यंत काय करायचं ते करून लिहून ठेवणं, ही नोंदणीकृत स्टाफ नर्सची जबाबदारी असते. सांगितलेलं काम करण्यापासून स्वतः निर्णय घेऊन त्याला उत्तरदायी राहण्यापर्यंतचा हा पल्ला आहे.

आणि हा पल्ला आपल्या भागातल्या बायका गाठतायत. आमच्या एका गटातली ताई दहा वर्षं कंत्राटी एएनएम होती. तिला वाटायचं, आपलं वय गेलं. जीएनएमच्या प्रवेशाला साधारणपणे ३५ वर्षांची अट असते. पण भारतीय नर्सिंग परिषदेच्या नियमात नोंदणीकृत एएनएमला ही वयाची अट नाही. हे कळलं त्या दिवशी तिनं अर्ज भरायचं ठरवलं. अडचणी दोन होत्या. एक इंग्रजी पुस्तकं आणि दुसरी म्हणजे शिकण्याच्या तीन वर्षांत बंद होणारा पगार. इंग्रजीचं तिनं रोज दहा शब्द वहीत उतरवून जमवलं. पगाराचं गटानं जमवलं. फी एकदम न देता कर्ज हप्त्याहप्त्यानं दिलं आणि परतफेड शिक्षण संपल्यावर सुरू होईल असा ठराव केला. सासूबाईंनी शेळ्या सांभाळल्या. ती आता दुसऱ्या वर्षाला आहे. रमाबाईंच्या वसतिगृहानं जे केलं, तेच इथं आमच्या गटानं आणि त्या सासूबाईंनी केलं.

याच्या उलटही झालंय. आमच्याच एका सभासद ताईनं मुलीसाठी एका वर्षाच्या 'नर्सिंग'च्या क्लासला मोठी रक्कम भरली. रंगीत सर्टिफिकेट मिळालं. पण ते कोणत्याही कौन्सिलला चालत नाही. मुलगी एका खासगी दवाखान्यात नर्सचे कपडे घालून काम करते आणि पगार मात्र आयाचा घेते. उद्या तिच्या हातून काही वावगं झालं तर कायदा तिला नर्स मानणार नाही आणि तिची बाजूही कुणी घेणार नाही. कर्जाचा हप्ता मात्र आईच्या बोकांडी आहे.

म्हणून मैत्रिणींनो, 'मुलीचं नर्सिंग' असं लिहिलेला अर्ज गटात आला की तीन गोष्टी विचारा. एक, या शाळेला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल आणि भारतीय नर्सिंग परिषदेची मान्यता आहे का? मान्य शाळांची यादी बघायला मिळते, ती मोबाइलवर उघडून बघा. दोन, कोर्स झाल्यावर कौन्सिलच्या नोंदवहीत नाव लागतं का आणि कोणत्या नावानं लागतं, एएनएम की जीएनएम? तीन, मुली शिकायला कोणत्या रुग्णालयात जातात, तिथं खाटा किती? खाटेजवळ उभं न राहता नर्स होता येत नाही. यांतल्या एकाही प्रश्नाला सरळ उत्तर मिळालं नाही, तर पैसे भरू नका. प्रवेश परीक्षा, टक्केवारी आणि तारखा दरवर्षी नव्यानं तपासा. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर चौकशी करा. बारावीला विज्ञान असेल आणि मार्क चांगले असतील तर थेट बीएस्सी नर्सिंगचाही विचार करा. जीएनएमनंतरही दोन वर्षांत पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं. म्हणजे एएनएमपासून पदवीपर्यंत वाट आहे. लांब आहे, पण बंद नाही.

२०२३ साली जुना १९४७ चा कायदा बदलून राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा नवा कायदा संसदेनं केला आहे. त्यामुळं पुढच्या काळात नियम बदलतील. देशभराची एक नोंदवही हा त्याचा महत्त्वाचा भाग आहे. ज्यांची नोंद आजच पक्की आहे, त्यांना अशा बदलात धास्ती कमी.

आषाढात तुकोबांची पालखी अकलूजहून बोरगावला येते, तेव्हा रस्त्याकडेच्या आरोग्य तंबूत थांबून बघा. पायाचे फोड बांधणाऱ्या, सलाईन लावणाऱ्या बायकांत आपल्याच तालुक्यातल्या लेकी असतात. कुणी एएनएम, कुणी स्टाफ नर्स. त्यांना विचारा, तुम्ही कुठं शिकलात, किती खर्च आला, पुढं काय करायचंय? घरी शिकणारी मुलगी असेल तर तिलाही सोबत न्या. माहितीपत्रकात मिळणार नाही ते त्या सांगतील.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत प्रत्येक गटानं एकच काम करावं. आपल्या गावात नोंदणीकृत एएनएम किती आहेत आणि त्यांतल्या किती जणींना पुढं शिकायचंय, याची यादी करावी. ती यादी आमच्याकडं द्या. अर्ज कसा भरायचा, कागद कोणते लागतात आणि कर्जाचे हप्ते कसे बसवायचे, यासाठी आम्ही गावोगाव येऊन बसू.