आपत्ती आणि पाळीव प्राणी : लंडन १९३९ ते न्यू ऑर्लिन्स २००५

आपत्ती व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात आपण धोका, असुरक्षितता, क्षमता या संज्ञा शिकतो. घरातले कुत्रे-मांजर त्यात कुठे येत नाही. इतिहासात मात्र ते आले आहे, आणि तो पहिला मोठा प्रसंग वाचायला सोपा नाही.

१९३९ मध्ये ब्रिटनमध्ये युद्धाची तयारी चालू होती. हवाई हल्ल्यांच्या काळात प्राण्यांचे काय करायचे, यासाठी गृहखात्याने एक समिती नेमली. तिने मालकांसाठी पत्रक काढले. त्याचा आशय असा : प्राणी शक्यतो आधीच खेड्यात पाठवा, कुठेच सोय होत नसेल, तर त्यांना मारून टाकणे हेच दयेचे ठरेल. सार्वजनिक आश्रयस्थानांत प्राण्यांना प्रवेश नव्हता. ३ सप्टेंबरला युद्ध जाहीर झाले आणि पहिल्या आठवड्यातच एकट्या लंडनमध्ये सुमारे ४ लाख कुत्री-मांजरे मारली गेली. इतिहासकार हिल्डा कीन यांनी यावर सविस्तर लिहिले आहे. सरकारची सक्ती नव्हती. प्राणिकल्याण संस्थांचा तर विरोधच होता. तरीही लोक आपापले जनावर घेऊन दवाखान्यांबाहेर रांगेत उभे राहिले. लंडनवर सलग बॉम्बवर्षाव सुरू झाला तो वर्षभरानंतर, सप्टेंबर १९४० मध्ये.

याच समितीने पुढे प्राण्यांची नोंदणी करून गळपट्ट्याला अडकवायचे क्रमांकाचे बिल्ले वाटले, म्हणजे हरवलेले जनावर मालकाकडे परत जावे. आजच्या मायक्रोचिपची ही आजीच म्हणायची. बिल्ले आधी आणि पत्रक नंतर आले असते तर?

२९ ऑगस्ट २००५ रोजी अमेरिकेत कॅटरिना चक्रीवादळ धडकले. न्यू ऑर्लिन्समध्ये बचावाच्या बस आणि बहुतेक निवारे प्राण्यांना घेत नव्हते, म्हणून अनेकांनी घर सोडायलाच नकार दिला. अभियंत्याच्या नजरेने पाहिले तर हा गणिताचा दोष आहे : स्थलांतराच्या आराखड्यात आपण डोकी मोजतो, पण निघायचे की नाही हे कुटुंब ठरवते. मालक मागे राहिला की बचाव पथकाला त्याच घराकडे पुन्हा होडी न्यावी लागते. ६ ऑक्टोबर २००६ च्या ‘पेट्स अॅक्ट’ने राज्यांच्या आपत्कालीन आराखड्यांत पाळीव प्राण्यांचा विचार आवश्यक केला.

भारताचा आपत्ती व्यवस्थापन कायदाही २००५ चाच. त्यातील आपत्तीच्या व्याख्येत जीवितहानी, मालमत्ता, पर्यावरण आहे. प्राण्यांचा वेगळा उल्लेख नाही. मदतीच्या निकषांत गाय, म्हैस, शेळी, कोंबडी यांचे दर मिळतात, कारण ती उपजीविका. घरातले मांजर कोणत्याच रकान्यात बसत नाही. त्यामुळे रेबीज लसीची नोंद, वाहून न्यायची पेटी आणि त्या पेटीत बसण्याची प्राण्याला आधीपासून सवय, ही तयारी सध्या तरी घरच्यांचीच.

मार्च २०२२ मध्ये युक्रेनमधून परतणाऱ्या काही भारतीय विद्यार्थ्यांनी आपली कुत्री-मांजरे सोडून निघायला नकार दिला. तेव्हा केंद्र सरकारने प्राणी आयातीचे नियम त्यांच्यासाठी एकवेळची सवलत म्हणून शिथिल केले.